स्टील इतकं स्वस्त आणि टणक असताना शरीरात बसवायचं इम्प्लांट (कृत्रिम भाग) टायटॅनियमचंच का?

हा प्रश्न तुमचाच, शिवाय तुम्ही हेही विचारलंय की हाडं-दात तपासून त्यात नवीन काय सापडणार. मी ठाण्याहून रोज महापेला जातो, तिथल्या लॅबमध्ये धातूंच्या चाचण्या घेतो, म्हणून लिहितो.

आधी एक घरगुती प्रयोग. कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. रबरासारखं वाकेल. दुसरं पकडीत धरून गॅसवर चांगलं जाळा (खिडक्या उघडून, माझ्या बायकोने अजून माफ केलेलं नाही). आकार तोच राहतो, पण बोटाने चुरा होतो. पहिल्यातलं खनिज गेलं, दुसऱ्यातलं कोलॅजन, म्हणजे हाडातले प्रथिनाचे तंतू. वजनाने साधारण 65 टक्के खनिज, बाकी कोलॅजन आणि पाणी, असा हा मामला.

म्हणूनच हाड थोडं लवतं. त्याचा ताठपणा 15 ते 20 गिगापास्कल, नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा 110, स्टीलचा 190 च्या पुढे. स्टीलचा दांडा सगळा भार स्वतःच उचलतो आणि शेजारचं हाड रिकामं बसतं. रिकाम्या हाडाला शरीर पोसत नाही. ते झिजतं, इम्प्लांट हलायला लागतं. भाराप्रमाणे हाड घडतं हे यूलिउस वोल्फ या जर्मन सर्जनने 1892 मध्येच मांडलं होतं. मोडलेल्या हाडाला स्टीलची प्लेट चालते, कारण हाड जुळेपर्यंतच तिचं काम. कायमच्या वस्तूसाठी आता सच्छिद्र टायटॅनियम, नायोबियम घातलेले मिश्रधातू असे ताठपणात हाडाच्या जवळ जाणारे पर्याय शोधतात. टायटॅनियमला हाड घट्ट चिकटतं, हे मात्र 1952 मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकाला सशाच्या पायात योगायोगाने दिसलं.

दात तर आणखी भारी. एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, 96 टक्के खनिज, म्हणजे काचेसारखं तडकायला हवं. पण त्यातले स्फटिक जुड्या बांधल्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. तडा सरळ जाऊच शकत नाही, आणि खालच्या डेंटिनच्या (दाताच्या आतल्या थराच्या) सीमेवर बहुतेकदा थांबतो. सिरॅमिकच्या कॅपमध्ये हीच रचना उतरवायची खटपट चालू आहे.

आईची इम्प्लांटवाली दाढ ठाण्यातच, नौपाड्यात बसवली. हाड इम्प्लांटला चिकटेपर्यंत तीन महिने कॅपसाठी थांबावं लागलं म्हणून कुरकुर केलीच, पण खरी तक्रार वेगळी: “दातात खडा आला तरी कळत नाही रे.” बरोबर आहे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते, दाब तीच ओळखते. इम्प्लांट थेट हाडात रुजलेलं. आई अजून भात डाव्या बाजूनेच चावते.