490 डॉलरचं तिकीट आणि दादाने आणलेलं पत्र

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि नीट झोप लागली नाही, म्हणून कामावर जायच्या आधी लिहायला बसलोय. ऑगस्टमध्ये पीआरवर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर, बायको आणि दुसरीतल्या मुलीला घेऊन कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला येताय. शेजारच्या मिसिसागातला तुमचा मावसभाऊ हायवेवर उभ्या टोइंगच्या (बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्या) गाडीशेजारून लेन न बदलता गेला, तर त्याला 490 डॉलरचा दंड बसला. तुम्ही विचारताय, हा नुसता पैसे उकळायचा प्रकार आहे का, आणि आपल्यासारख्याने तिथे गाडी घ्यावी की नाही.

सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक), हेल्थ कार्ड, बँक खातं हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते मी परत लिहीत नाही.

हाच दंड मलाही बसला होता. फेब्रुवारी 2019, 401 हायवे, मिल्टनच्या अलीकडे. संध्याकाळ, कडेला बर्फाचे काळपट ढीग. उजवीकडे शोल्डरवर, म्हणजे कडेच्या थांबायच्या पट्टीवर, टोइंगची गाडी उभी होती, पिवळे दिवे फिरत होते. डावीकडची लेन मोकळी होती. मी वेग थोडा कमी केला आणि तसाच शेजारून निघालो. मिनिटभरात मागे पोलिसांची गाडी.

तो पोलीस माझ्या खिडकीशी आला नाही. गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि तिथल्या काचेवर बोटाने टकटक केली, कारण माझ्या बाजूने ट्रक धडाधड जात होते. कागद बघायच्या आधी त्याने एकच विचारलं, ‘‘तिथला माणूस दिसला का तुला?’’ मी खरं सांगितलं. दिवे दिसले होते, माणूस नव्हता दिसला. आरशात पाहिलं तर एक जण गुडघ्यावर बसून गाडीखाली साखळी अडकवत होता. त्याचे बूट पांढऱ्या पट्ट्याच्या अगदी कडेला होते.

इथला नियम साधा आहे. पोलीस, अ‍ॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड किंवा टोइंगची गाडी दिवे लावून कडेला उभी असेल, तर वेग कमी करायचा आणि शक्य असेल तर एक लेन सोडून जायचं. शेजारची लेन रिकामी नसेल तर जपून, हळू. आधीच्या तिघांसाठी हा नियम 2003 पासून आहे, टोइंगच्या गाड्या 2015 मध्ये त्यात आल्या. पहिल्या वेळी कायद्यात 400 ते 2,000 डॉलर दंड आहे आणि 3 डिमेरिट पॉइंट, म्हणजे लायसन्सवर चढणारे दोषांक. हातात पडणाऱ्या तिकिटावर, म्हणजे दंडाच्या पावतीवर, सरचार्ज धरून 490 लिहिलेले असतात. पाच वर्षांत पुन्हा सापडलात तर 1,000 ते 4,000, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि लायसन्स दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतं. ताशी 100 किलोमीटरने गाडी एका सेकंदात 28 मीटर जाते. कडेला वाकलेला माणूस दचकून एक पाऊल मागे आला, तर त्याला वाचायला जागा म्हणून ती एक लेन. म्हणून नाही, हा उकळण्याचा प्रकार नाही.

तिकिटाला उत्तर द्यायला 15 दिवस असतात. पैसे भरा, सरकारी वकिलाला भेटून तडजोड मागा किंवा खटला चालवा. मित्रांनी पॅरालीगल (छोटे खटले लढणारा परवानाधारक, पूर्ण वकील नव्हे) लावायला सांगितलं, तिकीट सोडवून देणारे भरपूर आहेत इथे. मी पैसे भरून टाकले. इन्शुरन्स पुढची तीन वर्षं चढा राहिला, तेही भरलं. का, ते सांगायचं तर लायसन्सच्या कागदापासून सुरू करावं लागेल, आणि तुम्हाला खरी गरज त्याचीच आहे.

भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. आल्यावर 60 दिवस ते चालतं, मग जी-वन (शिकाऊ), जी-टू (मधलं, काही बंधनांसह), जी (पूर्ण) अशा लायसन्सच्या पायऱ्या. तिकडच्या अनुभवाचं एक वर्ष तुमच्या शब्दावर धरतात. त्याहून जास्त धरायचं असेल तर मूळ लायसन्स देणाऱ्या ऑफिसचं किंवा वकिलातीचं लेखी पत्र लागतं. दोन वर्षांचा अनुभव सिद्ध झाला की थेट जीची परीक्षा देता येते, आणि इन्शुरन्सवाले जुना अनुभव मानतील अशी आशा असते. 2017 च्या जूनमध्ये आम्ही आलो तेव्हा हे पत्र मी आणलंच नव्हतं. माझं पहिलं लायसन्स पुस्तकाचं. नंतर स्मार्ट कार्ड झालं, आणि इथल्या माणसाने कार्डावरची नूतनीकरणाची तारीखच लायसन्स मिळाल्याची तारीख धरली. बारा वर्षं गाडी चालवलेला मी कागदावर नवखा ठरलो. इन्शुरन्सचा आकडा बघून डोकं फिरलं.

मी दादाला फोन केला. आरटीओत जाऊन माझ्या लायसन्सचा उतारा आणि इंग्रजीतलं पत्र घे म्हणालो. गावापासून जिल्ह्याचं ठिकाण 60 किलोमीटर. एकदा साहेब रजेवर. एकदा जुनं रजिस्टर सापडेना. एकदा पत्र मिळालं पण मराठीत. चौथ्या खेपेला, ऑक्टोबर 2017 मध्ये, हवं तसं पत्र मिळालं. परत येताना पुणे-बेंगळुरू हायवेवर ओम्नीचं मागचं उजवं चाक पंक्चर झालं. संध्याकाळचे साडेसहा. आपल्याकडे गाडी डावीकडे लावतात, म्हणजे उजवं चाक वाहत्या रस्त्याच्या अंगाला. दादाने मागे बाभळीची फांदी टाकली, दोन दगड ठेवले आणि जॅक लावायला बसला. एक वाहन त्याला उडवून निघून गेलं. कोणी म्हणतं टेम्पो, कोणी म्हणतं पिकअप. नंबर कोणी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

वाहन सापडलं नाही. अशा वेळी केंद्राच्या योजनेतून भरपाई मिळते. तेव्हा गंभीर दुखापतीला 12,500 रुपये होते, मृत्यूला 25,000. एप्रिल 2022 पासून ते 50,000 आणि 2 लाख झालेत. दादाला 12,500 मिळाले, तेही सव्वा वर्षाने. महिन्याभराने माझ्या हातात ते 490 डॉलरचं तिकीट होतं. त्या वेळच्या भावाने साधारण 26,000 रुपये. एका अनोळखी माणसाच्या जवळून, त्याला धक्काही न लावता गेलो म्हणून माझ्याकडून घेतलेली रक्कम, दादाच्या पायाच्या दुप्पट. मी गाडीत हीटर लावून बसलो होतो आणि हा हिशेब डोक्यातून जात नव्हता. त्याहून वाईट वाटलं ते हे की, माझ्या भावाचं असं झालेलं असताना मलाही वाकलेला माणूस दिसला नव्हता. दिवेच दिसले होते.

मुलीच्या शाळेबद्दल विचारलंय. इथे इयत्ता जन्मवर्षावरून ठरते, तिकडे काय पास झाली ते बघत नाहीत. माझी मुलगी तिसरी पूर्ण करून आली आणि पुन्हा तिसरीत बसली. सेमी-इंग्रजीची, त्यामुळे गणित येत होतं, बोलायचा धीर होत नव्हता. रोज चालू तासातून उठवून इंग्रजीच्या वेगळ्या खोलीत न्यायचे. चार महिने ती वर्गात बोलली नाही आणि प्रगतिपुस्तकात लिहून आलं की मुलीला रस कमी आहे. गणिताची वही घेऊन भेटायला गेलो, ती कोणी उघडूनही पाहिली नाही. आज ती पोरगी उत्तम शिकतेय, तरी ते वाक्य मी विसरलेलो नाही. तुम्ही पहिल्याच महिन्यात बाईंना भेटा. शाळेच्या पत्राची वाट बघू नका.

त्याच शाळेच्या पहिल्या दिवशी पिवळी बस आली, लाल दिवे लुकलुकले, बाजूने थांब्याचा फलक बाहेर आला आणि दोन्ही दिशांच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. एकटी माझी मुलगी चढत होती, दप्तर तिच्यापेक्षा मोठं. ती आत बसून दिवे बंद होईपर्यंत कोणी हॉर्न वाजवला नाही. ही बस ओलांडली तर 400 ते 2,000 डॉलर आणि एकदम 6 पॉइंट, आणि तुम्ही सुरुवातीला जी-टूवर असाल, तर पहिल्याच वेळी 30 दिवस लायसन्स जाईल. रस्त्यावर तिच्यासाठी सगळे थांबले आणि वर्गात कोणी थांबलं नाही. हे दोन्ही एकाच गावात, एकाच दिवशी. मला अजून त्याची सांगड घालता येत नाही.

एकटेपणा येतो. पहिल्या जानेवारीत जास्त. मंडळाच्या गणपतीला जा, शेजाऱ्यांकडे डबा पाठवा, निभावतं. त्यावर फार विचार करत बसू नका.

गाडी घ्या, ब्रॅम्प्टनमध्ये मुलीला घेऊन थंडीत बससाठी उभं राहणं सोपं नाही. पण लायसन्सचं पत्र निघायच्या आधी स्वतः जाऊन आणा. भावाला, सासऱ्यांना, कोणालाही मागे ठेवून ते काम सांगू नका. पत्र लेटरहेडवर हवं, इंग्रजीत, त्यात पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख हवी. काउंटर सोडायच्या आधी ती तारीख वाचून बघा.

दादाने आणलेलं पत्र पुढे कुरिअरने आलं, चार घड्या घातलेलं. मी ते वापरलं नाही. वर्षभर जी-टूवर काढलं आणि सगळ्यांसारखी परीक्षा दिली. पत्र घरातल्या फायलीत आहे, त्याच्या मागे 490 ची पावती. पत्राचा उपयोग झाला का, असं दादाने एकदाच विचारलं होतं. मी हो म्हणालो. तिकिटाचं त्याला अजून सांगितलेलं नाही. या दिवाळीत गावी जातोय, तेव्हा दोन्ही सांगणार आहे.