अथेन्सहून खासगी गाडीने मायसीनी, एपिडॉरस आणि नाफ्प्लिओ एका दिवसात होतं का?

होतं, पण सकाळी साडेसातला निघायला हवं आणि मायसीनी, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन नगरीचे अवशेष, पहिलं घ्यायला हवं. अथेन्सपासून ते साधारण १२० किमी, म्हणजे दीड-पावणेदोन तास. टेकडीवर सावली जवळजवळ नाहीच आणि सिंहद्वाराजवळच्या गुळगुळीत दगडांवर साध्या चपला घसरतात, तेव्हा बूट घाला. भूमिगत टाक्याच्या पायऱ्या काळोख्या आहेत, टॉर्च लागतो. तिकीट मात्र बाहेर पडताना फेकू नका: अ‍ॅट्रियसचं घुमटाकार थडगं रस्त्यावर वेगळं, अर्धा किलोमीटर अलीकडे आहे आणि त्याच तिकिटावर बघता येतं. बरेच जण ते तसंच सोडून परततात! तिथून नाफ्प्लिओ अर्ध्या तासावर. जेवण बंदरावर करा. गावावरच्या पालामिदी किल्ल्याच्या शेकडो पायऱ्या उन्हात चढण्यात अर्थ नाही, गाडी थेट वर जाते. शेवटी एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह, मग अथेन्स.

ड्रायव्हर गाडीत माहिती देईल, पण अवशेषांच्या आवारात गाइड म्हणून फिरवायला परवानाधारकच लागतो. तो हवा असेल तर बुकिंग करतानाच वेगळा सांगा. हा क्रम उन्हाळ्याचा आहे. हिवाळ्यात मायसीनी आणि एपिडॉरस लवकर बंद होतात, तेव्हा नाफ्प्लिओ शेवटी ठेवा.