वाचकांचे प्रश्न : लेन्स पक्ष्याच्या मापाने घ्यावी

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५०० डी हा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली ५५-२५० ही लेन्स आहे. मी सकाळी हरिपूरच्या संगमावर पक्ष्यांची छायाचित्रे काढतो, थंडीत मायणी आणि येरळवाडीला जातो, आणि अधूनमधून कोल्हापूरला जाऊन विमानतळाबाहेरच्या रस्त्यावरून उतरणारी विमाने टिपतो. माझे पक्षी चौकटीत नेहमीच लहान येतात. नव्या लेन्ससाठी ५० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ७०-३०० घ्यावी, १५०-६०० घ्यावी, की इंटरनेटवर अगदी स्वस्त मिळणारी ५०० मि.मी.ची मिरर लेन्स घ्यावी? आहे त्याच लेन्सला टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून लांबी वाढवणारे जोडभिंग) लावून भागेल, असेही एका दुकानदाराने सांगितले.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात पक्षी आणि विमाने एकाच ओळीत आली असली, तरी लेन्सकडून त्यांची मागणी सारखी नसते, आणि हा फरक एकदा आकड्यांत पाहिला की निम्मा निर्णय तिथेच होतो. सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची लांबी काढण्याचे गणित सोपे आहे : वस्तूच्या लांबीला लेन्सच्या मिलिमीटरने गुणावे आणि अंतराने भागावे. संगमावर दिसणारा लहान खंड्या साधारण १७ सेंटिमीटर लांबीचा असतो. तो १५ मीटरवरच्या फांदीवर बसला असेल, तर त्याची प्रतिमा २५० मि.मी.वर सुमारे २.८ मिलिमीटर, ३०० वर ३.४, ४०० वर ४.५ आणि ६०० वर ६.८ मिलिमीटर पडते. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद असून त्या रुंदीत ६००० पिक्सेल बसवलेले आहेत. म्हणजे आज त्या खंड्याच्या वाट्याला ७५० च्या आसपास पिक्सेल येतात, ३०० वर ९०० च्या थोडे वर येतील आणि ६०० वर १८०० च्या वर. ७०-३०० हा पर्याय मी यादीतून पहिल्यांदा काढतो तो याच कारणाने. ती लेन्स वाईट नाही, पण २५० हातात असताना ३०० साठी पैसे मोजणे म्हणजे फार थोड्या फरकासाठी बराच खर्च करणे होय.

आता हेच गणित विमानाला लावून पाहावे. एटीआर ७२ हे दोन प्रोपेलरचे प्रवासी विमान २७ मीटर लांब असते. ते ८०० मीटरवरून आडवे जात असेल, तर आपल्या सध्याच्या २५० वरच ते साडेआठ मिलिमीटर पडते, म्हणजे खंड्याच्या तिप्पट. ४०० वर साडेतेरा, आणि ६०० वर तर वीस मिलिमीटरच्या वर जाऊन चौकट जवळजवळ भरून टाकते. विमान आणखी जवळ आले, तर ६०० वर त्याचे नाक किंवा शेपूट कापले जाईल आणि झूम मागे घ्यावी लागेल. विमानतळाजवळच्या छायाचित्रणाला म्हणूनच २५० ते ४०० ही लांबी बहुतेक वेळा पुरते. जिथे ती पुरत नाही, तिथे कोणतीच परवडणारी लेन्स पुरत नाही : दहा किलोमीटर उंचीवरून जाणारे ३७.५ मीटर लांबीचे एअरबस ए ३२० अगदी डोक्यावर असले, तरी ६०० वर सव्वादोन मिलिमीटरच भरते. तात्पर्य, लेन्स पक्ष्याच्या मापाने निवडावी. विमानांचे काम तिच्यात आपोआप होते.

दुकानात आणखी एक गोष्ट हमखास ऐकवली जाते, ती म्हणजे क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर, ६०० ची ९६० होते. कॅननच्या बाबतीत १.६ ने गुणण्याचा हा हिशेब चौकटीत किती दृश्य मावते याचा आहे. सेन्सरवर पडणारा पक्षी त्याने एका मिलिमीटरनेही वाढत नाही. वर दिलेले आकडे आपल्या कॅमेऱ्याचेच आहेत, त्यांना पुन्हा कशानेही गुणू नये.

मिरर लेन्स, म्हणजे आत आरसे बसवून आखूड केलेली लेन्स, घेऊ नये. तिचे अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे भोक; एफ चा आकडा वाढला की ते लहान होते) एफ ८ वर कायमचे बांधलेले असते, फोकस हाताने करावा लागतो, आणि मागे चमकते पाणी असेल तर प्रत्येक चमक चकतीऐवजी कडीच्या आकाराची उमटते. फोकस हाताने साधण्यासाठी लागणारी सोय आजच्या साध्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नसते, त्यामुळे उडत्या नदीसुरय पक्ष्यावर तिने फोकस साधणे हा नशिबाचा भाग ठरतो. ४२०-८०० असा मोठा आकडा लावून विकल्या जाणाऱ्या स्वस्त लेन्सबद्दलही हेच म्हणता येईल. तीही पूर्णपणे हाताने चालवायची असते आणि लांब टोकाला तिचे अॅपर्चर एफ १६ पर्यंत उतरते. टेलिकन्व्हर्टरचा सल्ला तर आपल्या लेन्सला लागूच पडत नाही. कॅननचा स्वतःचा टेलिकन्व्हर्टर (त्याला ते एक्स्टेंडर म्हणतात) ५५-२५० ला बसत नाही, आणि दुसऱ्या कंपनीचा लांबी दुप्पट करणारा २ एक्स बसवला तरी एफ ५.६ चे एफ ११ होऊन ऑटोफोकस बंद पडतो.

उरतात ते खरे पर्याय. सिग्मा १००-४०० कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची १००-४०० ही एक वाट आहे. दोन्हींचे वजन १.१ किलोच्या आसपास असून ६७ मि.मी.चा फिल्टर चालतो, आणि गळ्यात अडकवून नदीकाठाने चालता येते. दुसरी वाट १५०-६०० ची आहे. सिग्मा कंटेम्पररी आणि टॅमरॉन या दोघींचे वजन दोन किलोच्या आगेमागे आहे आणि फिल्टर ९५ मि.मी.चा लागतो. तिसरी वाट कमी लोकांना सुचते. कॅननची १९९३ सालची ४०० मि.मी. एफ ५.६ एल ही प्राइम लेन्स सव्वा किलोची आहे. तिच्यात झूम नाही आणि कंपन रोखण्याची सोयही नाही, पण फोकस झटपट लागतो आणि एफ ५.६ वरच ती स्पष्ट चित्र देते. केवळ उडते पक्षी हाच ज्याचा ध्यास आहे, त्याला मी आजही तीच सुचवेन. आपल्याला मात्र विमाने चौकटीत बसवण्यासाठी झूम हवी, आणि येरळवाडीच्या फ्लेमिंगोंसाठी लांबी हवी. उथळ पाण्यात मध्यभागी उतरलेला थवा काठापासून १५० मीटरवर असेल, तर सव्वा मीटर उंचीचा पक्षी २५० वर दोन मिलिमीटर आणि ६०० वर पाच मिलिमीटर भरतो. हे अंतर चिखलात उतरून कमी करू नये, कारण थवा उठला तर चित्रही जाते आणि त्यांचे खाणेही मोडते. म्हणून माझे मत असे की आपण चांगल्या अवस्थेतील सेकंडहँड १५०-६०० शोधावी. टॅमरॉनची २०१३ सालची पहिली आवृत्ती या गटात सहसा सर्वांत स्वस्त मिळते. २०१६ ची जी २ आवृत्ती फोकसमध्ये आणि कंपन रोखण्यात सुधारलेली आहे, पण तिचा दरही तसा असतो. पहिली आवृत्ती टॅमरॉनच्या टॅप-इन कन्सोलवर (संगणकाला जोडून लेन्सचा फोकस जुळवण्याच्या उपकरणावर) चालत नाही, त्यामुळे तिच्या फोकसमध्ये मागेपुढे असेल तर ते घरी दुरुस्त करता येत नाही. १५०० डी मध्येही तशी सूक्ष्म दुरुस्तीची सोय नाही. तेव्हा अशी लेन्स आपल्याच कॅमेऱ्याला लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पाहणी कशी करावी, हेही सांगतो. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून मागच्या बाजूने मोबाइलचा उजेड तिरपा टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी आणि दर कितीही उतरला तरी लेन्स परत द्यावी. दोन-चार धुलिकण मात्र चित्रात दिसत नाहीत, त्यांवरून घासाघीस तेवढी करावी. ६०० वर आणि पूर्ण उघड्या अॅपर्चरवर दूरची पाटी टिपून चारही कोपरे पडद्यावर मोठे करून पाहावेत, कारण पडलेल्या लेन्सचा एखादा कोपरा बहुधा बाकीच्यांपेक्षा धूसर येतो. नंतर जवळच्या वस्तूवरून दूरच्या वस्तूवर असे वारंवार फोकस करून आवाज ऐकावा. स्क्रूच्या खाचा घासलेल्या दिसल्या तर लेन्स कोणीतरी उघडलेली आहे, एवढे नक्की. बिल मागावे, बिलावरचा आणि लेन्सवरचा क्रमांक जुळला पाहिजे.

१५०-६०० चे अॅपर्चर लांब टोकाला एफ ६.३ असते. एफ ६.३ म्हणजे अंधार, ही भीती थोडी जास्तच पसरलेली आहे. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २५० ला एफ ६.३ वर १/१६०० च्या आसपास शटर स्पीड मिळतो आणि बहुतेक उडते पक्षी त्यात थांबतात. कोवळ्या उन्हात आयएसओ ८०० ते १००० लागेल, आणि काठच्या बाभळीच्या सावलीतल्या खंड्यासाठी ३२०० पर्यंत जावे लागेल. तिथे दाणे दिसतील, पण हललेल्या चित्रापेक्षा दाणेदार चित्र बरे. आपल्या कॅमेऱ्यात फोकसचे ९ बिंदू आहेत, त्यांपैकी फक्त मधला क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारा, आहे. कॅमेरा एआय सर्वोवर (हलत्या वस्तूवर सतत फोकस धरून ठेवणाऱ्या पद्धतीवर) ठेवून तोच एक बिंदू वापरावा.

प्रश्न : माझा निकॉन डी ५१०० जुना आहे, पण चांगला चालतो. कासच्या रस्त्यावर पक्षी टिपण्यासाठी एक परिचित त्यांची ८०-४०० डी लेन्स स्वस्तात देत आहेत. दुसरीकडे एएफ-पी ७०-३०० ही हलकी लेन्सही बजेटात बसते. कोणती घ्यावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही नकोत, कारण आपल्या कॅमेऱ्यावर दोन्हींचा ऑटोफोकस चालणार नाही. ८०-४०० डी मध्ये फोकसची मोटर नसते. ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते, आणि डी ३००० व डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत ती दिलेली नाही. एएफ-पी मध्ये मोटर आहे, पण ती नव्या धाटणीची असून डी ५१०० तिला चालवू शकत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस ही अक्षरे आहेत का, हे आपण पाहावे. एएफ-एस ७०-३०० व्हीआर ही २००६ पासूनची लेन्स सेकंडहँड सहज मिळते आणि आपल्या कॅमेऱ्यावर व्यवस्थित चालते. अधिक लांबी हवी असेल तर एएफ-एस २००-५०० एफ ५.६ हीही चालते, मात्र ती सव्वादोन किलोहून जड आहे. कासच्या चढावर ती उचलून हिंडण्याआधी दुकानात दहा मिनिटे हातात धरून पाहावी.

प्रश्न : महाबळेश्वरच्या पावसात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत लेन्स बंद करून ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढ्याने काम भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. पावसाळ्यातही अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरत राहावे.

प्रश्न : कराडच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या लहान विमानांची माझी छायाचित्रे स्पष्ट येतात, पण विमान हवेत टांगल्यासारखे दिसते. लेन्सचा दोष आहे का? आणि अशी छायाचित्रे काढायला परवानगी लागते का?
— एक वाचक, कराड

उत्तर : दोष लेन्सचा नाही, शटर स्पीडचा आहे. आपण पक्ष्यांसाठीची सवय विमानाला लावलेली दिसते. लहान प्रशिक्षण विमानाचा प्रोपेलर मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४०. १/१००० वर त्या वेळात पाते जेमतेम १४ अंश फिरते आणि चित्रात थिजलेले दिसते. १/१२५ वर तेच पाते ११५ अंश फिरते, त्यामुळे फिरत्या चकतीचा भास होतो. एटीआर ७२ ला सहा पाती असतात आणि उड्डाणाच्या वेळी प्रोपेलर मिनिटाला १२०० च्या आसपास फिरतो. तिथे १/१२५ वर एक पाते पुढच्या पात्याच्या जागी पोहोचते आणि चकती पूर्ण भरते. १/२५० वर ती अर्धी भरते. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा याहून बराच संथ असतो, म्हणून त्याला १/६० पर्यंत उतरावे लागते. इतक्या कमी वेगावर ६०० मि.मी. हातात धरून विमानाच्या चालीने कॅमेरा फिरवणे कठीण आहे. त्यामुळे २०० ते ३०० वर, १/२५० पासून सुरुवात करावी आणि हात बसला की खाली यावे. लेन्सवर कंपन रोखण्याचा दुसरा मोड असेल तर तो लावावा, कारण तो आडवी हालचाल मोकळी सोडतो आणि उभी रोखतो. जेट विमानाला दिसणारा पंखा नसतो, त्याला खुशाल १/१००० द्यावा.

परवानगीचे म्हणाल, तर विमानतळाच्या आवारातील छायाचित्रणाला १९३७ च्या विमान नियमांतील १३ वा नियम परवानगीची अट घालतो, तेव्हा कुंपणाच्या आत कॅमेरा नेण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरही सुरक्षारक्षकाने हटकले, तर वाद न घालता ओळखपत्र आणि काढलेली चित्रे दाखवावीत. पहिल्याच दिवशी आपणहून फाटकावर जाऊन सांगून ठेवले तर बहुधा ती वेळही येत नाही. पुण्याचा लोहगाव तळ मात्र हवाई दलाचा आहे. तिथे नागरी विमाने उतरत असली तरी धावपट्टीच्या दिशेने कॅमेरा रोखूच नये, मग लेन्स कोणतीही असो.