विचारा की! या वेळी: हवेत उडणारे चिनी वीर

मागच्या अंकात पिक्चरबद्दल काहीही विचारा म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं आली ती तलवारबाजीच्या त्या झगमगीत चिनी फँटसी पिक्चरांवर, जे हल्ली हिंदीत डब होऊन घरोघरी मोबाइलवर पोचलेत. म्हटलं सगळी एकदमच घेऊ. पहिल्या दोन उत्तरांनी बरीच जागा खाल्लीये, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न (घाटकोपर): ताई, रविवारी मोबाइल टीव्हीला जोडून घरी सगळ्यांनी एक चिनी पिक्चर बघितला. सुरुवातीलाच पांढऱ्या केसांचा एक बाबा नुसता हात फिरवतो आणि शेकडो तलवारी हवेत, जरा वेळाने अख्खा डोंगर फुटला, सासरे म्हणाले हे काय चाललंय बंद करा, आणि मुलगा आ वासून बघतोय. यांच्यात काही नियम असतो की मनाला येईल ते दाखवतात?

उत्तर: सासऱ्यांना आधी विचारा, श्रावणात नवनाथ भक्तिसार वाचता ना? त्यात मारुतीराय मच्छिंद्रनाथांवर डोंगर फेकतात आणि नाथ ते मंत्राने वरच्या वर थांबवून धरतात, तेव्हा कोणी म्हणत नाही बंद करा. चौदाशे वर्षांचे चांगदेव वाघावर बसून येतात, ज्ञानेश्वर बसल्या जागेवरून भिंत चालवत सामोरे जातात, आपण हात जोडतो. कारण आपल्याला हिशोब माहितीये, तप केलं, सिद्धी मिळाली, गर्व झाला की उतरवायला कोणीतरी येतं. चिनी लोकांचा पण असाच पक्का हिशोब आहे, फक्त तो आपल्याला लहानपणी आजीने सांगितलेला नसतो म्हणून सगळं हवेतलं वाटतं.

ढोबळ दोन घराणी धरा. पहिलं तलवारबाजांचं. ही हाडामांसाची माणसं, गुरू, गुरुबंधू, बदला, दिलेला शब्द यात अडकलेली, श्वास आणि शरीर कमावून कमावून हलकी झालेली, म्हणजे कौलांवरून धावतील, बांबूच्या शेंड्यावर उभी राहतील, पण डोंगर नाही फोडणार. दुसरं घराणं अमर व्हायला निघालेल्या साधकांचं. ते गुहेत बसून शेकडो वर्षं साधना करतात, एकेक पायरी चढतात, तलवारीवर उभं राहून प्रवास करतात, आणि त्यांच्या जगात हजार वर्षं जगलेली कोल्हीण सुंदर बाई होऊन येते. तुमचा रविवारचा पिक्चर या दुसऱ्या घराण्यातला. पहिल्याची अपेक्षा ठेवून दुसरं बघितलं की सासऱ्यांसारखं होतं.

आणि हे काही कंप्युटर आल्यावर सुरू झालेलं खूळ नाहीये. शांघायमध्ये १९२८ साली लाल कमळाच्या मठाला आग लागते अशा गोष्टीवर मूकपट निघाला, तो इतका चालला की १९३१ पर्यंत त्याचे १८ भाग काढले, माणसं तारेवर उडवली, तलवारीतून निघणाऱ्या प्रकाशरेषा फिल्मवर हाताने काढल्या, आणि शेवटी तिथल्या सरकारने अंधश्रद्धा पसरते म्हणून बंदीच घातली. मग १९३२ पासून सिचुआनच्या डोंगरातल्या तलवारधारी साधकांवर एक अवाढव्य कादंबरी क्रमशः छापून यायला लागली, ती लेखकाने पुरी केलीच नाही, पण या पिक्चरांचा निम्मा मसाला आजही तिथूनच येतो. त्याच कादंबरीवरून त्सुई हार्क या दिग्दर्शकाने १९८३ मध्ये हाँगकाँगला 'झू' केला. त्यासाठी अमेरिकेतून 'स्टार वॉर्स'वर काम केलेली मंडळी सल्ल्याला बोलावली होती. तेव्हा कंप्युटर नाही, सगळं तारा, रंगीत धूर आणि फिल्मवर फिल्म छापून.

त्यात लांब भुवयांचा एक म्हातारा गुरू आहे. राक्षस सुटला तर जग बुडणार, म्हणून हा आपल्या पांढऱ्या भुवया दोरखंडासारख्या लांब सोडतो आणि राक्षसाला त्यांनी आवळून धरतो. ऐकायला येडेपणा वाटतो ना? पण तो स्पष्ट सांगतो की मला हे ४९ दिवसच जमेल, तोपर्यंत त्या जोड तलवारी शोधून आणा. झालं, आता भुवयांवर कोणी हसत नाही, आपण दिवस मोजायला लागतो. शक्ती केवढीही दाखवा हो, ती कुठे संपते आणि वापरणाऱ्याला काय किंमत पडते ते सांगितलं की माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. ते नाही सांगितलं की मग डोंगर फुटो नाहीतर आख्खा ग्रह, आपण चहा ठेवायला उठतो. २००५ मध्ये चेन कायगेसारख्या मोठ्या दिग्दर्शकाचा 'द प्रॉमिस' आला, पैसा पाण्यासारखा ओतलेला, त्यात एक गुलाम मालकाला पाठीवर घेऊन बैलांच्या कळपाच्या पुढे धावतो, तर त्या कंप्युटरच्या बैलांवर लोक इतके हसले की एका पोराने पिक्चर कापून, वरून स्वतःचा आवाज टाकून, एका पावापायी झालेला खून म्हणून त्याची खिल्ली उडवणारा व्हिडिओ काढला आणि चीनमध्ये तो तुफान पसरला.

त्यामुळे मुलाला बघू दे. सासऱ्यांना पहिल्या घराण्यातला दाखवा, खाली नाव सांगितलंय.

प्रश्न (मालाड): मी एका स्टुडिओत रोटो आणि पेंट करतो, म्हणजे दिवसभर फ्रेम बाय फ्रेम वायर पुसतो. आई म्हणते पुसायचंच आहे तर घरची फरशी पूस. माझा प्रश्न सिरीयस आहे. आता अख्खा माणूस कंप्युटरवर बनतो, मग हे लोक हिरोला अजून वायरवर टांगतातच कशाला?

उत्तर: आईला आधी हे वाचून दाखव. पडद्यावरचं एक सेकंद म्हणजे २४ फ्रेम, दहा सेकंदांची उडी म्हणजे २४०, आणि प्रत्येक फ्रेममध्ये तार जिथून जाते तिथलं मागचं झाड, छप्पर, हिरोची बाही सगळं परत भरायचं, तेही असं की कोणाला कळता कामा नये. तुझं काम दिसलं तर ते चुकलं, म्हणून कोणी कौतुक करत नाही.

आता टांगतात कशाला. वजनासाठी रे. हार्नेस, म्हणजे तार अडकवायचा पट्टा, कमरेला घट्ट असतो, कोलांटी मारायची असेल तर दोन्ही कुल्ह्यांपाशी एकेक तार, तारा पुलीवरून क्रेनला आणि खाली दुसऱ्या टोकाला ओढणारी माणसं. ती माणसं एका तालात ओढतात. माणूस वर जाताना आधी पोट ताणलं जातं, मान एक क्षण मागे राहते, कपडे मग येतात, पाय शेवटी, आणि खाली उतरताना गुडघा थोडा दबतो, टाचेखालची माती उडते. हे सगळं अभिनेत्याने न ठरवता होतं. कंप्युटरवर बनवलेला माणूस बऱ्याचदा वाऱ्यावर गेलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा वर जातो, सगळं अंग एकदम. डोळ्याला कारण सांगता येत नाही पण ते लगेच पकडतो.

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) मधली बांबूच्या वनातली मारामारी परत बघ, या वेळी आर्टिस्ट म्हणून. ती चीनमध्ये झेजियांग प्रांतात आन्जीच्या खऱ्या बांबूवनात घेतलीये, हिरो चाव युन-फॅट आणि हिरॉइन झांग झीयी यांना खरोखर उंच क्रेनवरून शेंड्यांमध्ये लटकवलं होतं. बांबू वाकतो, ती खाली येते, बांबू परत सरळ होताना तिला वर नेतो, आणि दिग्दर्शक अँग ली ती मारामारी मारामारीसारखी घेतच नाही, नुसतं डोलणं. कंप्युटर तिथे पण आहे, पण काम काय, तर तारा पुसणं! म्हणजे तुझ्याच खात्याच्या लोकांनी तो सीन उभा केलाय. त्या पिक्चरला चार ऑस्कर मिळाली. त्यातली दुसरी नटी मिशेल यो, तिने त्याच शूटिंगमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाडून घेतला, ऑपरेशन करून परत आली आणि पिक्चर पुरा केला.

त्याच्याही आधी किंग हू या दिग्दर्शकाने 'अ टच ऑफ झेन'मध्ये (१९७१) बांबूच्या वनातच मारामारी केली होती, तिथे तर तारांचा थाटसुद्धा नाही. झुडपामागे छोटी ट्रॅम्पोलिन लपवायची, माणूस उडी घेतो, कट, वर फांदी हलते, कट, माणूस दुसरीकडे उतरतो. मधलं उडणं तुझं तू डोक्यात भरतोस. १९७५ ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या पिक्चरला तांत्रिक कामगिरीचं मोठं बक्षीस मिळालं. आमचं मत विचारशील तर आजच्या दहा मिनिटांच्या निळ्या-जांभळ्या झगमगाटापेक्षा ती हललेली फांदी भारी.

आणि हो, ही मंडळी आपल्याकडे पण येऊन गेलीत. 'क्रिश'ची (२००६) ॲक्शन चिंग सिउ-तुंगने केली, ज्याने हाँगकाँगचे कितीतरी उडते पिक्चर केलेत, आणि रजनीकांतच्या 'एंदिरन'ला (२०१०) युएन वू-पिंग होता, 'मॅट्रिक्स' आणि 'क्राउचिंग टायगर'वाला. आपल्या फाइट मास्तर लोकांनी केबलचं बरंच काम त्यांचं बघून बघून उचललं.

प्रश्न (गिरगाव, वय ७८): हे सगळं आपल्याच पुराणांतून उचललेलं नाही का? अस्त्रं आपली, विमानं आपली, माकडसुद्धा आपलं. आमच्या वेळी वाडियांच्या पिक्चरमध्ये हे सगळं होतं.

उत्तर: काका, अस्त्रांवर दावा नका लावू, मंत्र मारणारे साधू सगळ्या देशांत निघतात. पण दोन गोष्टींत तुमच्या म्हणण्यात दम आहे. त्यांचा तो आगीच्या चाकांवर फिरणारा पोरगा, नेझा, ज्याच्यावर २०१९ ला मोठा ॲनिमेशनपट आला, तो मुळात आपल्या कुबेराचा मुलगा नलकूबर. हो तोच, नारदाच्या शापाने अर्जुनाचं झाड झालेला आणि बाळकृष्णाने उखळ ओढत नेऊन सोडवलेला. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनला गेला आणि तिथे साफ बदलला, बापाशी भांडणारा, समुद्राच्या ड्रॅगनला झोडणारा झाला. माकडाचं मात्र भांडण जुनं आहे, त्यांच्या गोष्टींतला माकड वीर सुन वुकोंग, तो हनुमंतावरून आला असावा असं चिनी विद्वान हू शी म्हणायचे, तर लेखक लू शुन म्हणायचे छे, तो चीनचाच. आणि ते माकड ज्या भिक्षूची राखण करतं तो ह्युएनत्संग सातव्या शतकात खरोखर महाराष्ट्रात येऊन पुलकेशीचं राज्य बघून गेला, मराठी माणूस अपमान विसरत नाही असं लिहून पण गेला.

तारांच्या बाबतीत तर तुमच्या मुंबईने मान वर करून बोलावं. १९१३ ला तुमच्याच गिरगावात कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चार वर्षांत फाळक्यांनी 'लंका दहन' केला. ट्रिक सीनवाले बाबूभाई मिस्त्री, त्यांनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या, लोक त्यांना काला धागा म्हणायला लागले. दोरा रंगवून लपवायचा ही अक्कल हाँगकाँगवाल्यांची पण तीच, दोघांनी आपापली शोधली.

प्रश्न (परळ): मुलगी दहा वर्षांची आहे, तिला काय दाखवू? आणि डब की सबटायटल?

उत्तर: २०१९ चा 'नेझा' बिनधास्त. 'क्राउचिंग टायगर' तिला आता कंटाळवाणा होईल, तो वरच्या सासऱ्यांसाठी आहे. 'कुंग फू हसल' (२००४) मध्ये मजा आहे पण कुऱ्हाडी घेतलेली गँग पण आहे, आधी तुम्ही बघा. १९८७ चा 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' आमचा अत्यंत लाडका, पण त्यात झाडाच्या भुताची जीभ घरभर पसरते, रात्री झोपायला येईल तुमच्यात. डबबद्दल, मारामारी डबमध्ये चालते, रडारड सबटायटलमध्ये बघा, हिंदी डबमध्ये चिनी राजकन्या 'तुम्हें इसकी कीमत चुकानी होगी' म्हणाली की काम संपलं.

प्रश्न (अंधेरी, अकरावी): मला वायरवरचं काम शिकायचंय. कुठून सुरू करू? वुशू, म्हणजे चिनी मारामारीचा क्लास लावू का?

उत्तर: लाव, पण त्याआधी मल्लखांब, आणि त्यातही दोरीचा. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून उलटं लटकून आसन लावायची सवय झाली की हवेत कमरेतून अंग कसं सावरायचं ते शरीराला आपोआप कळतं, जुने चिनी फायटर पण ऑपेराच्या शाळेत लहानपणी उलट्यासुलट्या उड्या मारूनच तयार झाले होते. दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवतात, अंधेरीहून लोकलने सोपं पडेल. जिम्नॅस्टिक्सचं मॅट कुठे मिळालं तर कोलांट्या तिथे कर, बिल्डिंगच्या गच्चीवर नको. फिल्म लाइनमध्ये फाइटर लोकांची असोसिएशन आहे, तिच्या कार्डाशिवाय सेटवर उभं करत नाहीत, आणि ते अठराच्या आधीचं काम नाही. हार्नेस पहिल्यांदा घालशील तेव्हा मांड्यांना वळ उठतील आणि दोन दिवस धड बसता येणार नाही, ते फाइट मास्तरांना सांगायला जाऊ नकोस, हसतात फक्त.