मजुरीचे दीडशे रुपये आणि मागचा टायर

प्रश्न : मी केज तालुक्यातील एका खेड्यात राहतो. शंभर सीसीच्या, तारांच्या चाकाच्या मोटारसायकलवरून रोज दोन कॅन दूध डेअरीला घालतो. येणेजाणे धरून चाळीस किलोमीटर होतात. मागचा टायर झिजून पार गुळगुळीत झाला आहे. तालुक्याच्या दुकानात टायरचे १,९००, ट्यूबचे ३०० आणि बसवण्याची मजुरी १५०, असे एकूण २,३५० रुपये सांगितले. माझा पुतण्या म्हणतो, “काका, हाच टायर मोबाईलवर १,७५० ला घरपोच मिळतोय. व्हिडिओ बघून घरीच बसवू, मजुरी पण वाचंल.” त्याच्या दीडशे सीसीच्या गाडीला अलॉयची चाके आणि ट्यूबलेस टायर आहेत, तेही पुढे घरीच बदलायचे, असा त्याचा बेत आहे. अवजारे घेऊन हे काम घरी करणे परवडेल का?

— एक दूध उत्पादक, केज तालुका

उत्तर : आपण आकडे नीट लिहून पाठवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. २,३५० रुपयांमध्ये मजुरी आहे १५० रुपये, म्हणजे शंभरातले जेमतेम साडेसहा रुपये. पुतण्या जे व्हिडिओ पाहतो, त्यांतले बरेचसे परदेशातले असणार. तिकडे माणसाच्या हातांना मोल फार असल्यामुळे घरी टायर बदलणाऱ्याची खरोखरच मोठी बचत होते. आपल्याकडे हात स्वस्त आणि टायर महाग आहे, म्हणून बचत शोधायची ती टायरच्या किमतीत.

त्यासाठी आधी एक हिशेब करून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जो टायर जुन्या दराने करासकट १,९०० रुपयांना पडत होता, त्याची मूळ किंमत १,४८४ रुपयांच्या आसपास होते. तिच्यावर १८ टक्के कर लावला की तोच टायर सुमारे १,७५० रुपयांना यायला हवा. आपल्या पुतण्याला मोबाईलवर दिसलेला आकडा नेमका हाच आहे. म्हणजे दुकानदाराने सांगितलेला भाव जुन्या दराचा असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर तिथला फरक दीडशे रुपयांचा, जवळजवळ मजुरीइतकाच निघतो. दुकानात जाऊन पक्के बिल मागावे, त्यावर कराचा दर पाहावा आणि मोबाईलवरचा भाव शांतपणे समोर ठेवावा. गिऱ्हाईक बाहेर जाऊ नये म्हणून बहुतेक दुकानदार एवढे उतरतात, असा माझा अनुभव आहे. भाव जुळला, तर टायर दुकानातूनच घेतलेला बरा, कारण पुढे टायरला फुगा आला किंवा तो एका बाजूने खराब निघाला, तर बिल घेऊन ज्याच्या दारात उभे राहता येईल असा माणूस तालुक्यातच असतो. शिवाय बाहेरून आणलेला टायर बसवताना काही जण मजुरी वाढवून मागतात, हेही आधीच विचारून घ्यावे.

टायर कुठूनही घ्या, त्याच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तिथे १४२५ असे असेल, तर तो टायर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. दुकानात दोन-तीन उन्हाळे काढलेला टायर नवा म्हणून गळ्यात पडू नये, एवढ्यासाठी ही खबरदारी.

आता अवजारांकडे वळू. दोन चांगल्या टामी (टायरची कड उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), अ‍ॅक्सलच्या नटांना बरोबर बसणारे पाने, पायाने मारायचा पंप आणि हवा मोजायचा गेज एवढे घेतले, तरी हजार-बाराशे रुपये सहज लागतात. बाराशेला दीडशेने भागले, तर आठ टायर स्वतः बदलल्यावर पैसे फिटतात. आपली गाडी वर्षाला चौदा-साडेचौदा हजार किलोमीटर धावते. दुधाच्या ओझ्यामुळे मागचा टायर वीस हजार किलोमीटरच्या आसपास झिजतो असे धरले, आणि पुढचा त्याहून बराच जास्त चालतो हे लक्षात घेतले, तर एका गाडीवर आठ टायर व्हायला सहा-सात वर्षे जातील. एवढ्या काळात एकही ट्यूब चिमटली नाही, तर. एक ट्यूब फाटली की दोन वेळची मजुरी गेली.

ट्यूब चिमटते ती शेवटच्या वीतभर जागेत. टायरची कड बहुतेक रिममध्ये गेलेली असते, एवढाच भाग बाहेर राहिलेला असतो, आणि नवखा माणूस घाईने टामी खोल घालून जोर लावतो. टामीचे टोक आणि रिम यांच्यामध्ये ट्यूबची घडी सापडते, दोन बारीक भोके पडतात आणि हे कळते हवा भरल्यावर. रिमच्या मधोमध एक खोलगट घळ असते. समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून त्या घळीत बसवली, की इकडच्या बाजूला बोटभर ढील मिळते आणि जोर लावावाच लागत नाही. म्हणून कड बसवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करतात. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा जाड भाग घळीत असल्यामुळे तिथे कड खाली जात नाही. ट्यूब आत घालण्यापूर्वी तिच्यात दोन-चार पंप हवा मारली, तर ती गोल राहते आणि तिला घड्या पडत नाहीत. कडेला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात लावू नये, कारण त्याने रबर फुगून खराब होते. तारांच्या टोकांवरची रबरी पट्टी जुनी होऊन तुटली असेल, तर तीही बदलावी. ती फार महाग नसते आणि ती नसली तर तारेचे टोक ट्यूब खाते.

मी स्वतः घरी दोनदा टायर बदलला आणि पहिल्या वेळी ट्यूब फाडली, हे इथे कबूल केलेले बरे. चिकटलेली जुनी कड सुटत नाही म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचे साइड स्टँड तिच्यावर टेकवून ती सोडवली होती. ही युक्ती चालते, पण गाडी धरायला दुसरा माणूस हवा.

यातून आपल्यासाठी मधला मार्ग असा. चाक घरी काढावे आणि सुटे चाक दुकानात द्यावे. गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक काढणे आणि परत बसवणे ही कामे टायर चढवण्याच्या मानाने सोपी आहेत, फक्त परत बसवताना तीन गोष्टी विसरू नयेत. चेन ताणायच्या, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरवरच्या खुणा सारख्या आकड्यावर आणाव्यात, नाहीतर चाक तिरके राहते आणि नवा टायर एका कडेने झिजतो. मागच्या ब्रेकच्या पॅनेलला, म्हणजे ड्रमच्या झाकणाला, धरणारा लोखंडी दांडा जागेवर लावून त्याचा नट आणि पिन बसवावी. हे राहिले तर ब्रेक मारताच सगळे पॅनेल फिरू शकते. आणि डेअरीला निघण्यापूर्वी अंगणातच ब्रेक दाबून पाहावा. गुळगुळीत टायरवर दुधाचे ओझे घेऊन तालुक्याला जाण्यापेक्षा सुटे चाक शेजाऱ्याच्या गाडीवरून नेणे कधीही चांगले.

अवजारे घेऊच नका, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे पांदीच्या रस्त्याला वेडी बाभळ असते आणि आपण पहाटे निघता, तेव्हा पंक्चरचे दुकान उघडलेले नसते. टामी, पंप आणि एक जादा ट्यूब घरात असण्याचे मोल त्या वेळी कळते. पंक्चर काढताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. बाभळीचे टोक आत तसेच राहिले असेल, तर त्याला कापसाचा तंतू अडकतो आणि बोट फाटत नाही. ते टोक काढले नाही, तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी बसते.

पुतण्याच्या गाडीचे चाक मात्र घरी उघडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ट्यूबलेस टायरची कड रिमवर टणकन बसायला एकदम भरपूर हवा लागते आणि ती पायाच्या पंपाने सहसा मिळत नाही, तिथे कॉम्प्रेसरच पाहिजे. टामीने अलॉयच्या काठाला खोल ओरखडा पडला, तर तिथून हवा झिरपत राहते. त्यातून चाकाला डिस्क, म्हणजे ब्रेकची चकती, असेल, तर ती बाजू खाली ठेवून कधीही जोर लावू नये आणि चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये. ब्रेकचे पॅड जवळ येतात आणि मग डिस्क आत जात नाही. शेदोनशे रुपयांसाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या स्कूटीच्या ट्यूबलेस टायरमधून दर चार दिवसांनी हवा उतरते. पंक्चर सापडत नाही. कारागीर म्हणतो, “मॅडम, आत ट्यूब टाकून घ्या, कटकट मिटेल.” ट्यूब आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये सांगितले आहेत. टाकावी का?

— एक शिक्षिका, परभणी

उत्तर : आत्ताच टाकू नका. चाक पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते आपल्यासमोर दाखवायला सांगा. व्हॉल्व्हच्या बुडाशी आले, तर फक्त व्हॉल्व्ह बदलायचा आहे आणि ते काम बरेच स्वस्त आहे. रिमच्या काठाशी आले, तर खड्ड्यात आदळून रिम वाकली असेल किंवा काठाला गंज धरला असेल. काठ घासून किंवा रिम सरळ करून टायर परत बसवता येतो. टायरच्या अंगातूनच, बारीक भेगांमधून आले, तर टायर म्हातारा झाला आहे, आणि अशा टायरमध्ये ट्यूबचे साडेचारशे रुपये घालण्याऐवजी ते नव्या टायरच्या खात्यात धरावेत.