हिवात मासे खात नसतील तर खाद्य कमी करा, पाणी राखा

प्रश्न (मौदा तालुका): 20 बाय 20 मीटरचं मातीचं शेततळं आहे. रोहू, कटला, मृगळ सोडलेत. थंडी वाढली तसे मासे खाईनासे झाले. ताकदीसाठी पेंड वाढवू का? हरभऱ्यालाही याच तळ्याचं पाणी देतो.

उत्तर: भाऊ, पेंड वाढवू नका, उलट कमी करा. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं आणि त्याची पचनशक्तीही तशीच मंदावते. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की हे मासे निम्मंशिम्मं खातात, 15 च्या आसपास जवळजवळ थांबतात. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते, त्यातून अमोनिया तयार होतो आणि मासे त्यानं मरतात. दोष मात्र थंडीवर जातो. आपल्याकडे तळं गोठत नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर आला होता, पण तो हवेचा पारा. खोल पाणी एका रात्रीत इतकं गार होत नाही.

म्हणून सगळ्यात मोठा उपाय म्हणजे खोली. तळ्यात पाच फूट पाणी कायम ठेवा. हरभऱ्याची पाळी आली की मोटर लावून तळं दोन-अडीच फुटांवर आणायचं आणि मग मासे का मेले म्हणून विचारायचं, हे दरवर्षी दिसतं आणि वाईट वाटतं. बांधावर पाच फुटांची खूण करा, त्याखाली उपसा नाही. बोअर असेल तर पहाटे तास-दोन तास पाणी सोडा. ते हिवाळ्यातही कोमट असतं, पण त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून उंचावरून दगडावर आदळेल असं पाडा.

खाद्य दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, ऊन लागल्यावर द्या. शेंगदाणा पेंड आणि कोंडा छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. दुसऱ्या दिवशी पोत्यात उरलं असेल तर तेवढं कमी करा. आभाळ भरून आलं त्या दिवशी खाद्य आणि तळ्यात खत म्हणून टाकता ते शेण, दोन्ही बंद. अशा ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले, तर तळ्याचंच पाणी मोटरनं उचलून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो. दक्षिणेच्या बांधावरच्या झाडांच्या फांद्या छाटल्या तर पाण्यावर दिवसभर ऊन राहतं. उत्तरेच्या बांधावर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) कूड घाला, गार वारा अडतो. जलकुंभीचं पांघरूण मात्र नको, ती ऊनच अडवते.

प्रश्न (रामटेक तालुका): बोडीतल्या (छोट्या तळ्यातल्या) काही माशांच्या अंगावर लाल चट्टे आणि जखमा दिसतात.

उत्तर: हा थंडीतला व्रणरोग असू शकतो. मेलेले मासे काढून पुरून टाका, दुसऱ्या तळ्यात ते जाळं वापरू नका. चुना गुंठ्याला 2 किलो, म्हणजे 20 बाय 20 मीटरला साधारण 8 किलो. रात्रभर भिजवून, थंड करून, गाळून ऊन पडल्यावर शिंपडा. पाण्याचा सामू (पीएच) 8.5 च्या वर असेल तर चुना टाकू नका. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात माती नसल्यानं सामू झपाट्यानं चढतो, तिथे निम्मी मात्रा दोन वेळा विभागून द्या. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं काढलेलं सिफॅक्स हे औषध यावर वापरतात. त्याची मात्रा एक हेक्टर क्षेत्राच्या एक मीटर खोल पाण्याला 1 लिटर. 400 चौरस मीटर, दीड मीटर खोल तळ्याला ती 60 मिली होते. चुना आणि औषध एकाच दिवशी टाकू नका. थंडीत मासे मोजायला म्हणून जाळं ओढायचंही टाळा. खवले निघाले की त्या जागी बुरशी धरते आणि थंडीत ती जखम लवकर भरत नाही.

पंगस सोडला असेल तर कडाक्याची थंडी पडण्याआधीच विका. हा उष्ण पाण्याचा मासा आहे, नागपूरची थंडी त्याला सोसत नाही.

प्रश्न (नागपूर शहर): परसात सिमेंटचं छोटं टाकं आहे, त्यात रंगीत मासे आहेत.

उत्तर: छोटं टाकं रातोरात गार होतं. गोल्डफिश आणि कोई तग धरतात. गप्पी, मोली घरात काचेच्या टाकीत आणा. टाकं रात्री पाट्यांनी झाका, सकाळी उघडा. गरम पाणी ओतू नका. तापमान एकदम बदललं की मासा दगावतो.