दोन वर्षं सर्व्हे केलेत, आता समाजविकास आणि शांतता या विषयात एम.ए. करावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिरपूर तालुक्यातले, बी.ए. झालंय, दोन वर्षं एका संस्थेसाठी पाड्यांवर सर्व्हे केलेत. आता समुदायाधारित संशोधन, विकास आणि शांतता या विषयात एम.ए. करावंसं वाटतंय, पण घरचे बी.एड.वर अडून बसलेत. मी साक्री तालुक्यातली. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) खानदेशातच केलं आणि सध्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात वनहक्काच्या, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या, दाव्यांवर काम करते. माझं उत्तर: करा. फक्त कोर्स निवडताना एकच गोष्ट धरून बसा. तिथे गावाकडून घेतलेली माहिती गावाला परत द्यायला शिकवतात का?

हे मी का म्हणते ते सांगते. कॉलेजात जायच्या आधी मीही तुमच्यासारखे सर्व्हे केले. चाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. त्यात एक रकाना 'पाण्याचा स्रोत' आणि दुसरा 'अंतर'. एका पाड्यावर मी 'विहीर, २०० मीटर' असं घरोघर लिहीत गेले. अहवाल इंग्रजीत झाला आणि कपाटात गेला. पुढे एम.एस.डब्ल्यू.च्या क्षेत्रकार्यात योगायोगाने त्याच पाड्यावर गेले, तर एका आजीने मला ओळखलं. म्हणाली, "मांगे लिखी लई गयात, त्यानं काय व्हयनं व माय?" (मागे लिहून नेलंत, त्याचं काय झालं गं बाई?) माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

या वेळी फॉर्म नव्हता. शेणाने सारवलेल्या अंगणात आम्ही पिठाने गावाचा नकाशा काढायला बसलो. मी मोठ्या खात्रीने विहीर काढली. त्याच आजीने ती पायाने पुसून टाकली. शिमग्यानंतर विहीर आटते, मग बायका नाल्यातल्या झिऱ्यावर, म्हणजे पाणी झिरपून भरणाऱ्या खड्ड्यावर, जातात. झिरा भरायला वेळ लागतो म्हणून नंबर लागतात, आणि तरण्या सुना रात्रीच हंडे घेऊन निघतात. तिने नाल्याच्या रेघेवर ज्वारीचे चार दाणे ठेवले. ते चार झिरे. त्यातला एक कोणी कोणाला भरू देत नाही, हेही तिथेच कळलं. पाणी, बायकांची झोप आणि भावकीतलं भांडण एकाच नकाशावर आलं. माझ्या चाळीस प्रश्नांत यातलं काहीच नव्हतं. लोकांनी स्वतः मांडलेली माहिती आणि आपण काढून नेलेली माहिती यातला फरक मला तिथे समजला. चांगल्या कोर्समध्ये दोन वर्षं मुख्यतः हेच शिकायचं असतं.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण त्याला वजन काय? खूप आहे. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. त्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून गावातल्या जाणत्या माणसांचं लेखी उतरवलेलं कथन चालतं. बांध, ताली, जुनी घरं, देवाची झाडं, मसणवटा, हे सगळं पुराव्यात बसतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाशी पावरी किंवा भिली या इथल्या आदिवासी बोलींत नीट बोलता येणं, त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत टिपणं आणि ग्रामसभेत वाचून दाखवून दुरुस्त करून घेणं, यावर एखाद्या कुटुंबाची जमीन ठरू शकते. मी टिपलेल्या एका कथनात नाल्याचं नाव चुकलं होतं. ग्रामसभेत वाचताना मागे बसलेल्या पोराने ते धरलं. तेवढ्यासाठी तरी वाचून दाखवायलाच हवं.

आता शांततेचं. आपल्याकडे हा शब्द ऐकला की पोलीस ठाण्यातली शांतता समितीची बैठक आणि सणाचा बंदोबस्त आठवतो. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये दोन प्रकारच्या शांततेत फरक केला: मारामारी थांबली ती एक, आणि मारामारीमागचा अन्याय मिटला ती दुसरी. वर्गात हे वाचलं तेव्हा परीक्षेपुरतं वाटलं होतं. १ जुलै २०१८ ला माझ्याच तालुक्यात, राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मग अटका झाल्या, गाव ओस पडलं. बंदोबस्तापुरती शांतता आली. पण मोबाइलवर आलेल्या अफवेला बाजारात 'थांबा, आधी विचारू' म्हणणारं कोण असतं? गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या माणसाला आपण ओळखतो का? तो तालुका सोडून मी कुठे जाणार? म्हणून हे प्रश्न मला अजून सुटत नाहीत.

त्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं जंगल राखून पुन्हा उभं केलं, आणि त्या कामासाठी पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नियम मोडला तर दंड, हे सगळं गावाने बसून ठरवलं. नियम ठरवणं आणि तो मोडणाऱ्या शेजाऱ्याशी पुन्हा नीट बोलणं, हे शांततेचंच काम आहे असं मी मानते. जाऊन बघा, आपल्याच धुळे जिल्ह्यात आहे.

कोर्सचं थोडक्यात. अमळनेर, चोपडा आणि धुळ्याजवळच्या मोराण्याला एम.एस.डब्ल्यू. होतं, घरून जाऊन-येऊन जमतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र ग्रामीण कामासाठी चांगलं, प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून. नुसता शांतता-संघर्ष हाच विषय हवा तर दिल्लीच्या जामिया मिलियात नेल्सन मंडेला यांच्या नावाचं केंद्र आहे. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास विषयात एम.ए. आहे, तिथे घरची ऐपत बघून फी माफ होते. कुठेही अर्ज करण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: सलग किती आठवडे गावात राहिलात, प्रबंध गावात वाचून दाखवला का, आणि कुठल्या भाषेत. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी हे राज्य सरकारचं संकेतस्थळ बघाच. अनुसूचित जमातीचे असाल तर वसतिगृह मिळालं नाही तरी राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी 'स्वयं' योजना आहे, अनुसूचित जातीचे असाल तर 'स्वाधार'. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. दाखल्यापायी वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

घरच्यांना खोटं सांगू नका. पहिला पगार कमीच असतो, नोकरी प्रकल्पापुरती असते, प्रकल्प संपला की पुन्हा शोधायची. पण नंदुरबारसारख्या 'आकांक्षित' (केंद्र सरकारने मागास म्हणून विकासासाठी निवडलेल्या) जिल्ह्यात पावरी, भिली किंवा अहिराणी बोलणारा आणि रीतसर शिकलेला माणूस सगळ्यांना हवा असतो. बाहेरून आलेल्याला जे कळायला वर्ष जातं, ते तुम्हाला ओट्यावर बसून कळतं. बी.एड.चा फॉर्म भरायचा तर भरा, वडिलांचं मन राहील. पण दोन्हीकडे नंबर लागला तर तुमचा ओढा कुठे आहे ते तुमच्या प्रश्नातच दिसतंय.

आणि प्रवेशाची वाट न बघता एक काम करा. दोन वर्षांत सर्व्हे केलेल्या गावांपैकी एक निवडा. त्या गावाची आकडेवारी संस्थेकडून मागून घ्या, एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत उतरवा आणि भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या, आठवड्यात घेऊन जा. तेव्हा कामाला बाहेर गेलेली माणसं होळीसाठी परतलेली असतात, पाडा भरलेला असतो. वाचून दाखवा आणि काय चुकलंय ते विचारा. लोक जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, मुलाखतीला तीच वही घेऊन जा.